फोर्टात फोटो काढायला जाताय? आधी ऊन कुठून येतं ते बघा

मुंबईबाहेरचे फोटोग्राफर मित्र हमखास सांगतात, "पहाटे सीएसएमटीला भेटू, उजेड मस्त असतो." रस्ता रिकामा मिळतो हे खरं, पण ऊन काही मिळत नाही. सूर्य इमारतीच्या मागून वर येतो, दर्शनी भाग करडा राहतो आणि आकाश पांढरंफटक. हायकोर्ट, विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, एशियाटिक सोसायटीचा टाउन हॉल, सीएसएमटी, सगळ्यांची तोंडं पश्चिमेला. त्यातल्या हायकोर्ट आणि विद्यापीठाच्या रांगेला कारणही आहे. 1860च्या दशकात किल्ल्याची तटबंदी पाडली, मोकळ्या मैदानाच्या (आजच्या ओव्हलच्या) कडेने या इमारती उभ्या राहिल्या आणि तेव्हा त्यांच्यासमोर मैदानापलीकडे थेट समुद्र होता. पुढे भराव घालून ओव्हलच्या दुसऱ्या बाजूला आर्ट डेको इमारती आल्या, त्या मात्र पूर्वेकडे बघतात. म्हणजे एकाच मैदानात सकाळचं ऊन एका रांगेला आणि संध्याकाळचं दुसरीला. 2018 मध्ये युनेस्कोने या दोन्ही रांगांना मिळून जागतिक वारसा ठरवलं.

हे लक्षात घेऊनच जानेवारीतल्या एका रविवारी डोंबिवलीहून निघालो. रविवारच निवडायचा, कारण फोर्टातली ऑफिसं बंद असतात आणि पार्क केलेल्या गाड्या फ्रेममध्ये येत नाहीत. मध्य रेल्वेने येणाऱ्यांनी मेगाब्लॉकचं वेळापत्रक आदल्या रात्रीच बघून ठेवा आणि सकाळची लवकरची गाडी पकडा. ब्लॉक लागला की ठाण्यापुढे जीव जातो.

सकाळ गेटवेची. पण ताजच्या बाजूने उभं राहिलात तर गेटवे काळा दिसणार, कारण सूर्य समुद्रावरून समोर येतो. सावलीचित्र हवं असेल, कबुतरं उडताना वगैरे, तर ते तिथून घ्या. मला त्या फोटोंचा कंटाळा आलाय. गेटवेच्या पिवळसर खारोडी दगडाचा रंग हवा असेल तर पाण्यावर जावं लागतं. मी हार्बरच्या छोट्या फेरीची बोट घेतली. धक्क्यापासून थोडं दूर गेलं की गेटवे आणि मागे 1903चा ताज, दोघांवरही समोरून ऊन पडतं. हा फोटो जमिनीवरून निघतच नाही. वरच्या डेकवर, मागच्या कठड्याजवळ जागा धरा. लाइफ जॅकेट घालायला लावतात, तेव्हा कॅमेऱ्याचा पट्टा आधी काढून जॅकेटच्या वरून घ्या, नाहीतर ऐन वेळी कॅमेरा आत अडकतो. बोट सतत हलते, म्हणून शटर 1/500च्या खाली नेऊ नका. आणि पाण्यावरून शहराकडे बघताना उजव्या हाताला नौदलाची गोदी आहे, तिकडे कॅमेरा वळवायचा नाही. घारापुरीला जायचं असेल तर सोमवार टाळा, लेणी बंद असतात.

धक्क्यावर परतल्यावर मी बराच वेळ अर्जंट फोटोवाल्यांकडे बघत बसलो. गळ्यात कॅमेरा आणि ओळखपत्र, खांद्याच्या पिशवीत बॅटरीवर चालणारा छोटा प्रिंटर, हातात नमुन्याचा अल्बम. त्यातल्या एकाने नाशिकहून आलेल्या कुटुंबाला ओळीत उभं केलं. आजीला म्हणाला, "मावशी, हात जरा वर. अजून. आता बोटं मिटा." आजीने चिमटीत ताजचा घुमट धरला. त्याने एका गुडघ्यावर बसून एकच फोटो घेतला आणि मिनिटभरात ओलसर चकाकणारा कागद तिच्या हातात दिला. सूर्य कुठे आहे, सावली किती वाजता सरकते, कोणत्या फरशीवर माणूस उभा केला की मागची गर्दी झाकली जाते, हे या मंडळींना तोंडपाठ आहे. त्यांच्या धंद्याच्या मध्ये उभं न राहता दोन प्रश्न विचारलेत तर ते मोकळेपणाने सांगतात.

तिथून ओव्हल. रविवारी सकाळी मैदानभर क्रिकेट, एका सामन्याचा फाइन लेग दुसऱ्याच्या मिडविकेटला खेटून उभा. पश्चिमेकडच्या आर्ट डेको इमारतींवर तेव्हा छान ऊन असतं. गोलाई घेतलेल्या बाल्कन्या आणि खिडक्यांवरच्या छज्ज्यांच्या सावल्या दहाच्या आत उत्तम दिसतात. एक छोटा क्षेत्ररक्षक येऊन म्हणाला, "काका, माझा कॅच घेतानाचा काढा ना." काढला, पण कॅच सुटला. मैदानात लेन्स बदलताना मात्र सांभाळा. लाल धूळ थेट सेन्सरवर बसते, शिवाय चेंडू कुठूनही येतो.

अकरा ते साडेतीन वाया गेलेले समजा. मी काळा घोड्याच्या गल्लीतल्या निळ्या सिनेगॉगकडे, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाकडे गेलो (1884ची वास्तू आहे), चहा प्यायलो, बॅटऱ्या चार्ज केल्या.

चारनंतर टाउन हॉल. 1833ची इमारत, 30 पायऱ्या, समोर आठ डोरिक खांब. हॉर्निमन सर्कलच्या बाजूने येणारं तिरपं ऊन खांबांच्या खोबणीत शिरलं की पांढऱ्या रंगालाही खोली येते. पायऱ्यांवर लग्नाआधीच्या फोटोंची झुंबड असते. लांब झग्यातली नवरी, घामाघूम नवरा आणि रिफ्लेक्टर धरलेला मदतनीस. त्यांच्यावर वैतागण्यात अर्थ नाही. लांबून, 85 मिमीच्या लेन्सने, त्यांच्यासकट फोटो काढा, तो रिकाम्या पायऱ्यांपेक्षा जास्त खरा असतो.

पाचच्या सुमारास परत ओव्हल, या वेळी पश्चिमेच्या कडेने. राजाबाई टॉवर 85 मीटर उंच, जवळ गेलात की माडांच्या झावळ्या मध्ये येतात आणि टॉवर मागे झुकलेला दिसतो. म्हणून मैदानाची सगळी रुंदी मध्ये ठेवून 50 ते 70 मिमी वापरा. सूर्य टेकण्याआधीच्या अर्ध्या तासात टॉवरचा कुर्ला दगड मधासारखा होतो.

त्यानंतर मरीन ड्राइव्ह की सीएसएमटी, एकच निवडा. आपल्याकडे संधिप्रकाश विशीतल्या मिनिटांतच संपतो, दोन्ही ठिकाणं गाठायला गेलात तर दोन्ही हातची जातात. मरीन ड्राइव्हसाठी एवढंच: चर्चगेटसमोरच्या कट्ट्यावरून डिसेंबर-जानेवारीत सूर्य समुद्रात बुडतो, जूनमध्ये मलबार हिलच्या मागे. तसा महिना बघून जा.

मी सीएसएमटी धरलं. महापालिकेच्या मुख्यालयासमोरच्या फुटपाथवरून समोरचा चौक पूर्ण दिसतो. 1888 साली पूर्ण झालेली ही वास्तू एवढी नक्षीदार आहे की अतिरुंद लेन्सने तिचा चुराडा होतो. 24 मिमीपेक्षा खाली मी जात नाही. घुमटावरचा प्रगतीचा पुतळा आणि फाटकाच्या खांबांवरचे सिंह-वाघ यांच्यासाठी वेगळी टेलिलेन्स आणा. आकाश गडद निळं झालं की एफ 11, आयएसओ 100, आठ ते दहा सेकंद, आणि सिग्नल सुटून लाल बेस्ट बस वळायची वाट बघा. रंगीत दिव्यांनी इमारत जांभळी-हिरवी होते तेव्हा मी शटरला हातच लावत नाही. साधा पिवळा उजेड येईपर्यंत थांबा.

ट्रायपॉड उघडला की कुणीतरी विचारायला येणारच. सोबत ओळखपत्र ठेवा, शांतपणे बोला, वाद घालू नका. उठवलंच तर रेलिंगवर पिशवी ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवला तरी काम होतं. स्टेशनच्या आत मोठ्या कॅमेऱ्याने फोटो काढायचे तर रेल्वेची परवानगी लागते, आणि ड्रोन तर पोलिसांच्या परवानगीशिवाय पिशवीतूनही बाहेर काढू नका. हॉर्निमन सर्कलच्या मागे रिझर्व्ह बँक आणि टांकसाळ आहे, त्या गल्लीत कॅमेरा बंदच ठेवा.

पावसाळ्यात येणार असाल तर गेटवेच्या बोटींचा भरवसा नसतो, ऊनही नसतं, त्यामुळे दिशेचं हे सगळं गणित गुंडाळून ठेवता येतं. तेव्हा सकाळी उशिरा या, थेट सीएसएमटीच्या चौकात, आणि सर थांबल्यावर फुटपाथच्या कडेचं डबकं शोधा. कॅमेरा पाण्याला टेकेल इतका खाली धरायचा, लेन्सला आंघोळीची टोपी घालायची आणि गाडी येताना दिसली की आधी कॅमेरा उचलायचा, मग स्वतः उठायचं.