तबकड्या घेता का कुणी?

जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांबद्दल बोलताना लोक आवाजाबद्दल बोलतात, खरखरीबद्दल बोलतात, कर्णा असलेल्या ग्रामोफोनचा फोटो टाकतात, पण वजनाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. लाखेची दहा इंची तबकडी साधारण दोनशे ग्रॅमची असते, म्हणजे शंभर तबकड्या वीसेक किलो, आणि शंभरावर थांबतो तो कसला संग्राहक. माझ्या मावशीचे यजमान, ज्यांना आम्ही सगळी भावंडं काकाच म्हणायचो, ते गेले तेव्हा मागे मावशी, एक मुलगी, पेन्शन आणि शास्त्रीय संगीताच्या इतक्या तबकड्या राहिल्या की सोसायटी रीडेव्हलपमेंटला निघाल्यावर सामान हलवणाऱ्या माणसाने एक खोका उचलून बघितला आणि विचारलं, "काकू, फरश्या भरल्यात का यात?"

तसा तो फार चुकला नव्हता. ७८ आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांनी फिरणारी तबकडी म्हणजे लाख, दगडाची बारीक पूड, काजळी आणि थोडा कापसाचा तंतू, सगळं गरम करून दाबलेलं. ही लाख पळस, बोर, कुसुम असल्या झाडांवरच्या किड्यांपासून मिळते आणि त्या काळात जगाला पुरणारी लाख मुख्यतः आपल्याकडूनच जायची. गंमत बघा, १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा गाइसबर्ग नावाचा माणूस कलकत्त्यात आला, त्याने इथली गाणी मेणावर मुद्रित केली, ते साचे बोटीने जर्मनीत हॅनोव्हरला गेले, तिथे तबकड्या निघाल्या आणि परत बोटीने इथे विकायला आल्या. १९०८ मध्ये कलकत्त्याला सियालदहला कारखाना निघेपर्यंत हा उलटा प्रवास चालू होता. त्या वेळची कलकत्त्याची नावाजलेली गायिका गौहर जान गाणं संपल्यावर इंग्रजीत "माय नेम इज गौहर जान" असं ठणकावून सांगते ते त्यामुळेच, हॅनोव्हरच्या कामगाराला कळावं ना कुणाचं लेबल चिकटवायचं ते. आता ते ऐकताना आपल्याला बाईचा तोरा वाटतो, आणि तोरा तर आहेच, पण मुळात ती एक प्रकारची पार्सलवरची चिठ्ठी होती.

काकांना हे सगळं तोंडपाठ. बँकेतली नोकरी, रिटायर झाले तरी चष्मा तोच, आणि रविवारी जुन्या बाजारात चक्कर ठरलेली. मुंबईला कुणाच्या लग्नाला गेले तरी सकाळचा मुहूर्त आटपून हे चोरबाजारात मटन स्ट्रीटला हजर, जेवणाच्या पंगतीला नाहीत. बाकी लोक जुन्या सिनेमाची गाणी शोधायचे, काका ख्याल-ठुमरीच्या मागे, त्यामुळे भाव बरा मिळायचा असं ते म्हणायचे. खरं खोटं मावशीला माहीत.

मला लहानपणी प्रश्न पडायचा की ख्याल तासभर गातात आणि तबकडी तीन-साडेतीन मिनिटात संपते तर हे लोक ऐकतात तरी काय. खूप जाणकार लोकही नाक मुरडतात, म्हणतात तो काही खरा राग नव्हे, नमुना आहे. मला आता तसं वाटत नाही. अहो, ज्या माणसाने आयुष्यभर रात्र-रात्र गायलंय त्याला सांगितलं की तुझ्याकडे तीन मिनिटं आहेत, समोर आवाज टिपणारा कर्णा आहे, मान हलवू नकोस, लांब गेलास तर आवाज येणार नाही आणि एक तान चुकली तर मेण वाया, तेव्हा तो काय ठेवतो आणि काय टाकतो हे बघण्यासारखं असतं. आलाप जवळजवळ जातो. विलंबित, म्हणजे संथ लयीतला भाग, तर बहुतेक जातोच. पण चिजेचा, म्हणजे बंदिशीचा, मुखडा येतो, दोन-चार जागा अशा येतात की ज्या त्या घराण्याच्याच, आणि एखादी तान बरोबर शेवटच्या काही सेकंदात समेवर आणून ठेवलेली. अब्दुल करीम खाँसाहेबांनी १९३०च्या दशकात ओडियन कंपनीसाठी गायलेल्या तबकड्या घ्या, 'जमुना के तीर' घ्या, तीन मिनिटं आहेत असं मध्ये एकदाही वाटत नाही. तोपर्यंत इलेक्ट्रिकल रेकॉर्डिंग आलं होतं म्हणा, मायक्रोफोन होता, त्यामुळे खाँसाहेबांचा तो बारीक सुरेल आवाज पकडला तरी गेला, आधीच्या कर्ण्याच्या जमान्यात खणखणीत आवाजवाल्यांचंच फावायचं. भीमसेनजी स्वतः सांगायचे की लहानपणी खाँसाहेबांची तबकडी ऐकली आणि असं गाता आलं पाहिजे हे डोक्यात बसलं. तीन मिनिटात एका पोराला घराबाहेर काढायची ताकद असेल तर अजून किती वेळ पाहिजे?

आणि ज्यांनी तीन मिनिटंही दिली नाहीत ते गेलेच. भास्करबुवा बखल्यांसारख्या मोठ्या गवयाचा आवाज नाही. जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांचा नाही, आणि ते तर १९४६ पर्यंत होते, गल्लोगल्ली रेकॉर्ड वाजत होत्या तेव्हा. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी मात्र १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर बसून सूर्यमालेबाहेरच्या प्रवासाला निघाली. गुरूचा आवाज पृथ्वीवर कुठेच नाही आणि शिष्येचा पृथ्वीबाहेरसुद्धा. काकांना हा विषय काढलेला आवडायचा नाही, ते म्हणायचे "त्यांनी नेली ती एक बाजू, उरलेल्या इथे कोण सांभाळतंय ते सांग आधी."

सांभाळणं म्हणजे काय तर कामच काम. तबकड्या उभ्या ठेवायच्या, आडव्या रचल्या की खालच्यांचे तुकडे. उन्हात गेली की वाकली. स्टीलची पिन एका बाजूला एकदाच वापरायची, कंजूषपणा केला की ती झिजलेली पिन तबकडीची चर खाते, म्हणून पिनांच्या डब्या डझनाने आणायच्या. पुढे काकांनी इलेक्ट्रिक टर्नटेबल घेतलं तर त्याला ७८साठी वेगळी जाड सुई, कारण एलपीची, म्हणजे नंतर आलेल्या बारीक चरीच्या प्लास्टिकच्या तबकड्यांची, सुई त्या चरीत तळाशी जाऊन नुसता कचरा वाजवते. आणि धुवायचं तर साध्या सौम्य साबणाच्या पाण्याने, लेबल कोरडं ठेवून. स्पिरिटचा थेंब नाही, कारण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. कोविडच्या काळात माझ्या भावाने मदत म्हणून "सॅनिटायझरने पुसून देऊ का सगळ्या" असं विचारलं होतं, त्यावर काका जे काही बोलले ते त्यांच्या वयाला शोभणारं नव्हतं.

एलपी होत्याच, पण त्या खालच्या कप्प्यात. त्यातली आमीर खाँसाहेबांची एक, एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. काका दिवेलागणीला मारवा लावायचे आणि तो संपला की रेकॉर्ड उलटायची नाही, दरबारी रात्रीचा, त्यामुळे जेवणं होऊन भांडी आवरून होईपर्यंत ती तशीच टर्नटेबलवर पडून. पाहुण्यांना वाटायचं विसरले.

पण मला सांगायचंय ते वहीबद्दल. वह्या म्हणायला हवं, बँकेतून आणलेल्या कापडी बांधणीच्या लांबट, रकाने आखलेल्या. प्रत्येक तबकडीला एक ओळ. कंपनी, नंबर, शेवटच्या चरीजवळ कोरलेला मॅट्रिक्स (साच्याचा) नंबर, दोन्ही बाजूंच्या चिजा, राग, ताल, कुठे मिळाली, अवस्था (बरी, खरखर, केसाएवढी चीर, "चीर आहे पण वाजते"). लेबलवर नुसतं 'खयाल' लिहिलेलं असेल किंवा रागाचं नाव भलतंच छापलेलं असेल तर काकांनी ओळखलेला राग पेन्सिलने. शाईने नाही. पुढे एखाद्या गवयाला ऐकवून खात्री झाली की मग शाई.

आणि शेवटचा रकाना पट्टी (गायकाचा सा पेटीच्या कुठल्या स्वरावर) आणि वेग. हा रकाना मला फार उशिरा कळला. सगळ्या ७८च्या तबकड्या ७८ने फिरवायच्या असं आपण धरून चालतो, पण सुरुवातीच्या वर्षांत तसं काही पक्कं ठरलेलं नव्हतं, कुठली सत्तर-बहात्तरला मुद्रित झालेली, कुठली ऐंशीला. मिनिटाला चार फेऱ्यांचा फरक पडला तर सूर जवळजवळ एका पट्टीने सरकतो, म्हणजे पेटीच्या काळी एकचा गवई पुढच्याच पांढरी दोनला गाताना ऐकू येतो, आणि वर लय वाढते ती वेगळीच. आपण जे म्हणतो ना की त्या काळच्या तानांचा वेग काय विलक्षण, त्यातला थोडा वेग मशीनचा असू शकतो, हे ऐकायला कुणालाच आवडत नाही. काका पेटी घेऊन बसायचे, तो गायक मैफलीत कुठल्या पट्टीत गायचा हे म्हाताऱ्या रसिकांना विचारून ठेवलेलं, आणि वेगाचा काटा हळूहळू फिरवत फिरवत आवाज माणसाचा वाटायला लागेपर्यंत थांबायचे नाहीत. मग रकान्यात आकडा. एका ओळीसाठी अख्खी संध्याकाळ. मावशी आतून ओरडायची "अहो, लागला का त्यांचा षड्ज, पोळ्या गार होतायत!"

तर प्रश्न आला की या सगळ्याचं करायचं काय. मुलगी ठाण्याला, दोन खोल्या आणि दोन मुलं, तिचं म्हणणं "बाबांचं आहे म्हणून ठेवावंसं वाटतं पण आई, ठेवू कुठे". तिला नावं ठेवणाऱ्यांनी आधी एक खोका तिसऱ्या मजल्यावर चढवून दाखवावा. एका संस्थेत फोन केला, त्यांनी आदराने चौकशी केली, आमच्याकडे यातल्या बऱ्याच आहेत म्हणाले, यादी पाठवा, जागेचा प्रॉब्लेम आहे. ते खोटं बोलत नव्हते, असे वारस आठवड्याला येत असणार. एक डीलर आला, त्याने फक्त एलपी बघितल्या, ख्यालाच्या लाखेच्या तबकड्यांकडे वळूनही बघितलं नाही. आणि एक अगदी सज्जन बाई, तिला तबकड्यांची भिंतीवरची घड्याळं करायची होती. गरम पाण्यात घालून वाटी करतात म्हणे काही लोक, भेळ खायला की काय. मावशीने तिला चहा दिला आणि पाठवून दिलं.

आता कुणी म्हणेल, यूट्यूबवर सगळं आहे, आणि खरंच पुष्कळ आहे. पण ते आलं कुठून? कंपन्यांनी दिलं ते थोडंच, बाकीचं अशाच काकांच्या कपाटांतून आलेलं आहे. मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे, अशा लोकांनी एकत्र येऊन नंबरांच्या याद्या लावल्या, एकमेकांना ऐकवलं, छापलं, म्हणून आज आपल्याला कुठलं गाणं कुठल्या साली हे निदान सांगता येतं. कायदाही आड येत नाही फारसा, आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांपर्यंत, म्हणजे ७८च्या बहुतेक सगळ्या तबकड्या त्यातून सुटलेल्या. आड येतात ते माणसांचे स्वभाव. असेही संग्राहक आहेत की ज्यांच्याकडे जगात एकच प्रत आहे आणि ती एकच आहे याचाच त्यांना आनंद, ऐकवणार नाहीत, कॉपी देणार नाहीत, आहे हेसुद्धा निम्मं सांगतात. असा माणूस गेला की त्याच्यासोबत आवाजही दुसऱ्यांदा जातो. काका त्यातले नव्हते, कॅसेटच्या काळात कुणीही कोरी कॅसेट घेऊन आला तर भरून द्यायचे, फक्त कॅसेट चांगल्या कंपनीची पाहिजे ही अट.

शेवटी मार्ग निघाला तो वह्यांमुळेच. मी त्यांची पानं मोबाईलवर फोटो काढून एका ओळखीच्या तबलजी मुलाला पाठवली, त्याने ती शौकिनांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली आणि दोन दिवसांत मावशीचा फोन थांबेना. यादी पाठवा म्हणणाऱ्या संस्थेलाही ती पानं गेली आणि त्यांनी स्वतःहून विचारलं की वेगाचा रकाना भरलेल्या तेवढ्या तरी आम्हाला द्याल का. त्या तिकडे गेल्या, वह्यांच्या झेरॉक्ससकट. बाकीच्या तो तबलजी मुलगा आणि त्याचे दोन मित्र हळूहळू नेतायत, डिजिटल करून मावशीला पेनड्राइव्ह आणून देतात, ती टीव्हीला लावून ऐकते. पंचेचाळीस वर्षं "तुमची ती खरखर बंद करा" म्हणणारी ही बाई, हिला कुठली चीज कुठल्या बाजूला आहे ते पाठ आहे हे आम्हाला आत्ता कळतंय.

मागच्या आठवड्यात सांगलीहून एका गृहस्थांचा मेसेज आला. काकांनी एका तबकडीपुढे शाईने भूप लिहिलंय, ते चूक आहे, तो देशकार आहे, सूर तेच असले तरी धैवतावरचा मुक्काम ऐका, वगैरे बराच मोठा, आणि तसा मुद्देसूद. मी मावशीला वाचून दाखवला. तिने चष्मा लावून वहीची झेरॉक्स उघडली, ओळ शोधली, बोट ठेवलं.

"शाईने आहे ना? मग त्यांना सांग, यांनी दोन गवयांना ऐकवूनच लिहिलंय. आणि बहात्तरने फिरवून ऐका म्हणावं, अठ्ठ्याहत्तरने ऐकली असणार त्यांनी."

वेगाने राग कसा बदलेल गं मावशी, असं मी म्हणणार होते. पण ती टाइप कर म्हणाली, मी टाइप केलं. सांगलीचं उत्तर यायचंय.