खरं कुठलं

२२ जुलै, रात्री

संध्याकाळपासून डोक्यातून जात नाहीये. पडवीत दोरीवर आठ प्रिंट्स चिमट्यांनी लावल्या होत्या. काकू गवती चहाची पात न्यायला आली, दोरीखालून वाकून पुढे गेली, परत फिरली, आणि एकेक बघत म्हणाली, "ह्येच्यातला खरा खयचा गो?"

"सगळीच खरी."

"सगळी खरी कशी असतली? तू पयला काढलंस ता खयचा?"

ती सहज विचारून गेली. मी जेवताना तेच, भांडी घासताना तेच. मला उत्तर आलं नाही म्हणून. चार वर्षं हेच शिकले आणि काकूला चार वाक्यांत सांगता आलं नाही.

पहिलं कुठलं ते दाखवायचं तरी कसं? लिनोचा तुकडा, ज्यावर कोरून छापायचं, तो एकच. आधी त्यावर समुद्र कोरला, करड्या शाईत आठ कागदांवर छापला. मग त्याच लिनोतून समुद्र कोरून काढून टाकला, होडी आणि दोर तेवढे ठेवले, काळी शाई लावून पुन्हा त्याच आठ कागदांवर. आता नववी प्रिंट निघणार नाही. करडा समुद्र आठ कागदांवर आहे तेवढाच. लिनोतला आईने सकाळी केरात भरला. म्हणजे खरं म्हणण्यासारखं जे होतं, ते मीच कापून टाकलं. हे काकूला सांगायचं?

गारव्यात लिनो कडक होतो, वर्तमानपत्र ठेवून इस्त्री फिरवल्याशिवाय हत्यार सरकत नाही. लिनोत जवसाचं तेल, शाईतही तेच, आणि या हवेत ते वाळता वाळत नाही. सहा दिवस झाले, बोट लावलं की अजून काळं होतं. प्रेस नाही, म्हणून लाकडी डावाच्या पाठीने घासत बसायचं, एका कागदाला अर्धा तास. रात्री कोपर उचलत नाही. मुंबईत राहिलेल्या मैत्रिणी चाक फिरवतात आणि मोकळ्या होतात. मी इथे आचऱ्यात डाव घेऊन. गेल्या महिन्यात परत आलेलं पार्सल अजून उघडलेलं नाही. असो.

मग एकच चित्र रंगवून मोकळी का होत नाही मी? रंगवताना पुढे काय होतंय ते दिसत असतं. इथे कागद उचलेपर्यंत काही कळत नाही. एक कोपरा धरायचा, हळूहळू सोलायचा, आणि उलटं कोरलेलं सुलटं होऊन समोर येतं. होडीचं नाव कोरताना आरसा घेऊन बसले होते. अप्पांनी रंगवलेली अक्षरं, 'र' जरा कललेला. तो उलटा कोरताना हात थांबला. त्याबद्दल आज नको.

आणि आठ यासाठी, की एक चित्र एकाच भिंतीवर जातं. चित्रकार चित्तप्रसाद लिनोवर काम करायचे ते याचसाठी, स्वस्तात पुष्कळांच्या घरी जावं म्हणून. हे मला मनापासून पटतं. पण काकूच्या प्रश्नाला ते उत्तर नाही.

दिवा लावायला देवघरात गेले. आजीच्या सासूने आणलेली लक्ष्मी, रविवर्मा प्रेसची. खालच्या पुसट अक्षरांत 'लोणावळा' तेवढं लागतं. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दगडावरून छापायचे, रंगागणिक दगड वेगळा. आज पहिल्यांदा जवळ जाऊन बघितलं. कमळाचा गुलाबी रंग पाकळीच्या रेघेबाहेर सुतभर सरकलाय. कुणाचा तरी कागद त्या दिवशी हलला. आणि आमच्या घरात चार पिढ्या तिच्यापुढेच हात जोडले गेले. खरी कुठे आहे, असं कुणी विचारलं नाही. काकूनेसुद्धा नाही.

२३ जुलै

काकू परत आली. कालचं काही काढलं नाही. दोरीवरची चौथी दाखवून म्हणाली, "ह्या माका होया." तीच, जिच्यात काळा रंग करड्यावर नीट बसलेला नाही. मी दुसरी घे म्हटलं, त्या चांगल्या आल्यात. "नको. ह्येच्यातली होडी हलता."

शाई ओली आहे, आठ-दहा दिवसांनी ने, म्हटलं. तिने केसातली पिन काढली आणि खुणेसाठी त्या कागदाच्या कोपऱ्याला लावून ठेवली.