तिकीट हेडविगचं, साथ मावशीची

मार्च 2015. मावशी पुण्याहून न्यू जर्सीतल्या एडिसनला लेकीकडे आली होती आणि न्यूयॉर्कचं ब्रॉडवे नाटक ‘एकदा बघायचंच’ असं ठरवून आली होती. मी तेव्हा जर्सी सिटीत शिकत होते. पुऱ्या भावाचं तिकीट म्हणजे माझा महिन्याचा किराणा. तिला सिंह-हरणांचं नाटक हवं होतं, मला ‘हेडविग अँड द अँग्री इंच’ हे रॉक म्युझिकल. हट्टाचं कारण एकच. 1998 मध्ये न्यूयॉर्कच्या जेन स्ट्रीटवरच्या जुन्या हॉटेलच्या हॉलमध्ये ज्यानं हेडविग रंगवली, तो लेखक-नट जॉन कॅमरन मिशेल एक्कावन्नाव्या वर्षी पुन्हा तीच भूमिका करत होता. तीही दुखावलेल्या गुडघ्यानिशी.

पहिल्या दिवशी टाइम्स स्क्वेअरच्या लाल पायऱ्यांखालची टीकेटीएसची खिडकी गाठली. त्याच दिवसाची उरलेली तिकिटं वीस ते पन्नास टक्के सवलतीत, वर थोडं सेवाशुल्क. संध्याकाळच्या प्रयोगांची विक्री तेव्हा दुपारी तीनला सुरू व्हायची. आम्ही पुणेकर, अडीचलाच हजर. पण आमच्याआधी निम्मं शहर उभं. वर पाटीवर नाटकांची नावं आणि टक्के झळकत असतात, आणि तिकिटं संपली की नाव गुपचूप उडतं. आमच्यापुढे चार माणसं उरली असताना हेडविग उडाली. मावशी म्हणाली, “बालगंधर्वला निदान प्लॅन तरी दिसतो. कुठल्या खुर्च्या गेल्या ते कळतं.”

मग लॉटरी. ही पद्धत रुजवली ‘रेंट’ या रॉक म्युझिकलनं. 1996 मध्ये त्यांनी पुढच्या दोन रांगा वीस डॉलरला ठेवल्या, तर पोरं रात्रभर फुटपाथवर झोपायला लागली. शेवटी चिठ्ठ्या काढायची वेळ आली.

चव्वेचाळिसाव्या रस्त्यावर बेलास्को थिएटरच्या दारात प्रयोगाच्या अडीच तास आधी चिठ्ठी भरायची: नाव आणि किती तिकिटं, एक की दोन. मग अर्धा तास बोचऱ्या वाऱ्यात उभं राहायचं, कारण नाव पुकारताना तुम्ही तिथे नसाल तर चिठ्ठी बाद. जिंकलात तर फोटोचं ओळखपत्र दाखवून पैसे भरायचे. मावशीचा पासपोर्ट एडिसनच्या कपाटात, म्हणून चिठ्ठी एकटीच्या माझ्या नावाची टाकली.

आणि माझं नाव ज्ञानेश्वरी. इंग्रजीत ते ‘डी’ने सुरू होतं, आणि त्यापुढे काय करायचं हे आजवर एकाही अमेरिकन माणसाला कळलेलं नाही. नावं पुकारणारा मुलगा चिठ्ठीकडे बघून थबकला. “ड... डिनाय... डायनेश...” गर्दी हसायला लागली. मीही हसले, कोण बिचारा म्हणून. मावशीनं कोपर मारलं, “अगं, तो बहुतेक तुलाच शिव्या देतोय!” हात वर करून धावले. दोन तिकिटं मिळून शंभर डॉलरच्या आत. पार कडेच्या खुर्च्या, पण पुढच्या रांगेत.

मावशीला कथा मुद्दाम सांगितली नव्हती. पूर्व बर्लिनचा पोरगा, सीमा ओलांडण्यासाठी केलेली आणि फसलेली शस्त्रक्रिया, कॅन्सासमध्ये एकटी पडलेली हेडविग, आणि वर्षभरात बर्लिनची भिंतच पडते. मध्यंतर नाही, दीड तास इलेक्ट्रिक गिटार. मी सारखी तिच्याकडे चोरून बघत होते. तिनं पर्समधला कापूस काढून कानात घातला, तो अर्ध्या तासानं काढूनही टाकला.

परतीच्या गाडीत पेन स्टेशनपासून ती गप्प. नेवार्क गेल्यावर म्हणाली, “हेडविगचा तो दाढीवाला नवरा. ती बाई होती ना?”

“हो. लेना हॉल. ब्रॉडवेचा टोनी पुरस्कार मिळालाय तिला.”

“मला चालण्यावरून कळलं. आमच्या आजीनं बालगंधर्वांना शालू नेसलेलं पाहिलंय, मला काय सांगतेस.” मग जरा थांबून, “पण लेकीला काय सांगायचं? कसलं नाटक बघितलं?”

“गाण्यांचं म्हण.”

“मग संगीत नाटक,” म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.