अमृतसरची फुलकारी उलटीकडून बघा

अमृतसरला दोन दिवस होते. हरमंदिर साहिब, लंगर, वाघा सीमा हे सगळं झालं. पण डोक्यातून जात नाही तो टाऊन हॉलमधल्या फाळणी संग्रहालयातला फुलकारीचा, म्हणजे पंजाबी भरतकामाचा, कोट.

1947 मध्ये एक तरुणी लहानग्या भावाला घेऊन सीमेपलीकडून आली, तेव्हा हा कोट तिच्या सामानात होता. तिचं लग्न ठरलं होतं, पण दंगलीत दोघांची ताटातूट झाली. अमृतसरच्या निर्वासित छावणीत, जेवणाच्या रांगेत, तो तिला पुन्हा भेटला. पुढे त्यांचं लग्न झालं. त्याची चामडी बॅगही इथे आहे. तिच्यात प्रमाणपत्रं आणि मिळकतीचे कागद होते, त्यामुळे ती का आणली ते लगेच कळतं. कोट का आणला, हे कळायला भरतकाम माहीत हवं.

फुलकारी जाड्याभरड्या खद्दरवर भरतात, पीळ न दिलेल्या रेशमाने. त्याला 'पट' म्हणतात. बहुतेक नमुन्यांत नक्षी आधी काढतच नाहीत. कापड उलटं धरून धागे मोजायचे आणि रफूसारखा टाका घालायचा: उलटीकडे जेमतेम एक धागा उचलायचा, लांब टाका सुलटीकडे पडतो. मोजताना एक धागा चुकला की पुढची ओळच सरकते, मग उसवण्यावाचून इलाज नाही. टाका फार लांब झाला तर रेशीम सैल पडून बांगडीत अडकतं. एकाच रंगाचा पट उभा आणि आडवा भरला, की उजेडात दोन छटा दिसतात. हे मला सगळ्यात सुंदर वाटतं.

'चोप' नावाची फुलकारी मात्र दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. ती नानी नातीच्या लग्नासाठी भरते. पोर घर सोडून जाणार हे धरूनच आजीने टाके घातलेले असायचे. घाईत बांधलेल्या सामानात फुलकारी निघाली ती उगाच नाही.

बाहेरच्या बाजारात मात्र जीव हळहळतो. जॉर्जेटवर मशीनने भरलेल्या ओढण्या 'हाताची फुलकारी' म्हणून बिनदिक्कत विकतात. ओढणी उलटी करून बघा: मागे बॉबिनच्या दोऱ्याची सलग भरण दिसली तर ते मशीनचं काम. हाताच्या कामात, चोप सोडली तर, मागे फक्त बारीक ठिपके दिसतात.

अस्सल जुनी फुलकारी मिळालीच तर घरी धुऊ नका, रंग उतरतो. घडीही नको, सुती कापडात गुंडाळून ठेवा. पट घडीवरच आधी तुटतो.