नववा दिवस, अर्धा कटिंग

रात्रीचे पावणेदोन. झोपेचा पत्ता नाही.

सिगारेट सोडल्यावरचा तिसरा दिवस सगळ्यात वाईट गेला. डोक्याला फडकं आवळून बांधल्यासारखं दुखत होतं, आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून मी आईवर ओरडलो. शिट्टी झाली म्हणून! ती काही बोलली नाही, भाजी ढवळत राहिली. निकोटिन दोन-तीन दिवसांत अंगातून जातं आणि त्रासही तेव्हाच टिपेला पोचतो, हे आधी वाचलेलं होतं. वाचून उपयोग शून्य.

पोट साफ नाही, तोंड आलंय. खोकला तर उलट वाढलाय. धुराने निपचित पडलेले श्वासनलिकेतले बारीक केस पुन्हा कामाला लागले की कफ वर ढकलतात म्हणे. शेजारचे काका म्हणाले, "सोडलीस म्हणतोस, मग खोकतोस जास्त कसा?" सदाशिव पेठेत असली चौकशी फुकट होते.

पाचव्या दिवसापासून छातीत धडधड, हाताला कंप. घाबरून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "चहा किती?" सहा-सात कप. धुरामुळे यकृत कॅफीन भराभर निकालात काढत होतं. धूर थांबला, तो वेग उतरला. आता तेवढाच चहा अंगात कितीतरी जास्त वेळ रेंगाळतो. म्हणजे मी ज्याला सिगारेटची तलफ समजत होतो त्यातला निम्मा चहाच होता. एक सोडली तर दुसऱ्यावरही गदा, आणि तीही अमृततुल्यांच्या गावात!

तलफ घड्याळ लावून मोजली. चार मिनिटं. कर्वे रोडच्या सिग्नलला याहून जास्त थांबलोय. पण दुपारी चारला ऑफिसमधले सगळे खाली टपरीवर जातात, त्याला चार मिनिटांचा हिशोब लागू होत नाही. आठवडाभर मला कोणी हाक मारली नाही. माझ्या भल्यासाठीच.

आज आपणहून गेलो. अर्धा कटिंग घेतला, हात खिशात कोंबले. एकाने सवयीने पाकीट पुढे केलं आणि मी नको म्हणायच्या आत ओशाळून मागे घेतलं. तलफ नव्हती आली तेव्हा. त्या मागे घेण्याचाच राग आला. का, ते अजून कळलं नाही.

आईच्या खोलीत दिवा लागलाय. आता येऊन विचारेल, चहा टाकू का. नको म्हणायचंय. न ओरडता.