सोलो कॅम्पिंग अपडेट: थारच्या वाळूत तंबू, स्टँड आणि स्टोव्ह

तर मंडळी, सह्याद्रीत नीट चालणारा माझा बाइक कॅम्पिंगचा सेटअप एकदाचा वाळूत नेऊन बघितला. पुण्याहून अहमदाबाद, मग सांचोर, बाडमेर आणि तिथून नॅशनल हायवे ६८ धरून जैसलमेर. रस्त्याबद्दल फार लिहीत नाही, गुळगुळीत आहे आणि कंटाळवाणा आहे, गायी तेवढ्या सांभाळा.

सम हे वाळूच्या टेकड्यांचं प्रसिद्ध ठिकाण टाळलं. जैसलमेरपासून ४० किमीवर आहे, नाव मोठं आहे, पण तिथे जीप, डीजे आणि तंबूंच्या कॉलन्या, त्यात आपण एकट्याने तंबू ठोकून काय करणार. खुरी गावाच्या बाजूला गेलो. पण तिथेही हवं तिथे घुसायचं नाही, कारण डेझर्ट नॅशनल पार्क त्याच पट्ट्यात आहे, ३,१६२ चौरस किमीचं, आणि माळढोकाचं शेवटचं मोठं घर तेच (आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नजला माळढोक दिसणं आता किती दुर्मीळ झालंय ते माहीतच आहे तुम्हाला). म्हणून आधी एका ढाणीवर (छोट्या वस्तीवर) थांबलो, चहा झाला, आणि तिथल्या काकोसांना (काकांना) विचारून त्यांच्या शेताला लागून असलेल्या धोऱ्याखाली (वाळूच्या टेकडीखाली) जागा घेतली. मी जिथे बॅग टाकली तिथे ते म्हणाले, "यहाँ से रात को ऊँट निकलते हैं, थोड़ा उधर लगाओ." उंट मोकळे सोडलेले असतात, हे मला कुठल्या व्हिडिओत कोणी सांगितलं नव्हतं. बॉर्डरचा जिल्हा, त्यामुळे ड्रोन घरीच ठेवला होता.

आता मुद्द्याचं. वाळूत टोकदार काहीही चालत नाही, सगळ्याला पसरट बूड लागतं. टायर घ्या, स्टँड घ्या, तंबूच्या खुंट्या म्हणजे पेग घ्या, स्टोव्ह घ्या, प्रॉब्लेम एकच आणि उपायही एकच.

टायर: गाडी रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ आहे, पुढचं चाक २१ इंची, मागचं १७. रस्ता सोडल्यावर दोन्ही टायरमधली हवा १७ पीएसआयवर आणली, टायर चपटा होतो आणि वाळूवर तरंगायला लागतो, हँडलचं नाचणं निम्म्यावर येतं. ट्यूब टायरला यात एक गोची आहे. हवा कमी असताना मागचं चाक जोरात ओढलं की टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूब सरकते आणि वॉल्व मुळातून फाटू शकतो. म्हणून वॉल्वचं नट रिमला घट्ट न आवळता वर टोपीपाशी नेऊन ठेवलं, म्हणजे ट्यूब सरकली तर वॉल्व तिरका झालेला लगेच दिसतो. सेकंड गिअर, उभं राहून, वजन मागे, पुढचा ब्रेक विसरायचा आणि थांबायचं ते उतारालाच तोंड करून. धोऱ्यावर मात्र गाडी चढवली नाही. वाऱ्याकडची बाजू सपाट आणि दाबलेली असते, तिथून गाडी मजेत वर जाते, पण माथ्यापलीकडे वाळू ३२-३४ अंशात नुसती ओतल्यासारखी भुसभुशीत असते आणि २०० किलोची गाडी तिथून एकट्याने काढायची म्हणजे मग काय विचारूच नका. सोबत कोणी असेल तर बघू.

साइड स्टँडखाली प्लायचा तुकडा, स्टोव्हखाली दुसरा. पेग पुण्यातच ठेवून गेलो होतो. त्याऐवजी किराण्याच्या कापडी पिशव्या, त्यात वाळू भरायची, तोंडाला दोरी बांधायची, हातभर खड्ड्यात पुरायची आणि वर पायाने दाबायचं. दोरी ओढून बघितली, मी सरकलो पण पिशवी नाही. निघताना वाळू तिथेच ओतायची, त्यामुळे वजन जवळपास शून्य.

जागा निवडताना झुडपं बघा. फोग आणि सेवण गवत जिथे आहे तिथली वाळू धरलेली असते, रात्रीत तंबूवर येत नाही. जोधपूरची काझरी ही वाळवंटी शेतीची संशोधन संस्था १९५९ पासून या भागावर काम करतंय, आणि सरकते धोरे थांबवायची त्यांची पद्धतही हीच, आधी काटक्यांचे कुंपणासारखे चौकोन आणि मग त्यात झाडोरा. म्हणूनच शेकोटीसाठी फोग उपटू नका प्लीज, मी शेकोटी केलीच नाही. अगदी खोलगट जागाही नको, थंड हवा तिथेच येऊन साचते. हवा कोरडी आणि वर ढग नाहीत, त्यामुळे दिवसभराची उष्णता सूर्य गेल्या गेल्या उडून जाते. जानेवारीत संध्याकाळी सव्वासहाला टी-शर्टवर होतो आणि आठला जॅकेट, पहाटे थर्मामीटर ६ वर. ब्युटेनचं कॅन अशा थंडीत सुस्त होतं, रात्री स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घेऊन झोपलो तेव्हा सकाळी चहा झाला. रात्री पिठलं-भात केला, वाळू न जाता. हे मी यश समजतो.

अगस्ती तारा बघायला बाहेर आलो होतो. पुण्यातून बऱ्यापैकी वर दिसतो, इथे जेमतेम १० अंश, धोऱ्याच्या रेघेवर टेकलेला. मृग आणि व्याध मात्र डोक्यावर एवढे ठळक की लाज वाटली शहराची. लांबच्या कुठल्याशा रिसॉर्टचा डीजे दहाला बंद झाला, त्यानंतर स्वतःच्या जॅकेटचा आवाज मोठा वाटायला लागला.

सकाळी तंबूभोवती काळ्या किड्यांच्या पायांची बारीक रेघ, शिवणयंत्राच्या टिपेसारखी, आणि तिच्यावरून कोल्ह्याचे पंजे, बरोब्बर माझ्या बुटांच्या जागेपर्यंत येऊन वळलेले. बूट आत घेतले होते. विंचवासाठी छोटी यूव्ही टॉर्च नेली होती, तिच्या उजेडात विंचू हिरवट चमकतो, पण थंडीत एकही दिसला नाही.

एक गोष्ट उपयोगी पडेल. दवाने वाळूचा वरचा थर ओला आणि घट्ट होतो, तासाभराने ऊन लागलं की परत पीठ. तंबू वाळायची वाट बघत बसलो असतो तर गाडी मऊ वाळूतून काढावी लागली असती, म्हणून ओलाच गुंडाळला, आठला निघालो आणि डांबरी येईपर्यंत मागचं चाक एकदाही रुतलं नाही. तंबू दुपारी बाडमेरजवळ पेट्रोल पंपामागे वाळवला, पंपावरच्या पोरांनी तो धरायला मदत केली आणि किती सीसी, किती मायलेज हे सगळं विचारून घेतलं.

चेनला वाळूत जायच्या आधी चिकट ल्यूब मारू नका, सगळी वाळू तीच गोळा करते, परत आल्यावर धुऊन मगच मारा. एअर फिल्टर उघडला तर टाल्कम पावडरसारखी धूळ, तो बदलला.

पुढचं काम म्हणजे मागच्या रिमला रिम लॉक, म्हणजे टायर सरकू नये म्हणून त्याला आतून रिमवर दाबून धरणारा क्लॅम्प. भोक पाडावं लागतं आणि मग चाकाचं बॅलन्सिंग परत करावं लागतं, म्हणून टाळत होतो, पण १७ पीएसआयच्या खाली जायचं तर पर्याय दिसत नाही. कोणी स्पोक रिमवर बसवून हायवेला ९० च्या वर चालवली असेल तर चाक थरथरतं का ते सांगा, त्यावरच ठरवणार आहे.