वजन उतरलं, घेर वाढला

वार्षिक तपासणीच्या शिबिरात माझ्या वाट्याला कायम एकच टेबल येतं: उंची, वजन, कंबर. ईसीजीला वेगळी खोली मिळते, रक्त घेणाऱ्यांना मान मिळतो, टेपवालीला दाराजवळचा कोपरा. हे काम कुणालाही जमतं असा सगळ्यांचा समज आहे. जमत नाही.

लोकांच्या लेखी पँट जिथे अडते ती कंबर. पोट सुटलेल्या माणसाची पँट पोटाखाली बसते, म्हणून तो छातीठोकपणे '34' सांगतो आणि माझी टेप 100 सेंटिमीटरच्या पुढे जाते. बेंबीचाही भरवसा नाही, पोट ओघळलं की तीही खाली उतरते. मी बोटांनी शेवटची बरगडी चाचपते, मग खुब्याच्या हाडाची वरची कड, आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये पेनाने ठिपका देते. टेप त्वचेला टेकलेली हवी, रुतलेली नको. पाठीमागे ती खाली घसरलेली नाही ना, हे वाकून बघावं लागतं. आकडा वाचायचा नेहमीसारखा श्वास सुटल्यावर. पण "श्वास सोडा" म्हटलं की माणूस पोटच आत ओढतो, म्हणून मी काहीतरी विचारून बोलतं करते. बोलण्याच्या नादात पोट धरून ठेवायचं राहून जातं. दोन मापांत एक सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर दोन्ही खोडायची आणि पुन्हा घ्यायची.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी हे सगळं शर्टावरून उरकतो. त्याच्या पानावरचे आकडे बघा, सगळे 0 किंवा 5 वर संपलेले. माणसं अशी पाचाच्या पाढ्यात जाड होत नसतात.

तर त्या दिवशी आलेल्या बाई. पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, उंची 156, आणि अगदी खुशीत. गेल्या वर्षी वजन 61 किलो होतं, आता 58. "सिस्टर, डाएट लागू पडलं बघा! हल्ली चार घास खाल्ले तरी पोट भरतं." बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 25 वरून 24 च्या खाली आला होता. स्क्रीनवर हिरवा बाणही उमटला.

टेप लावली तर 88. पुन्हा लावली, पुन्हा 88. त्यांच्या गेल्या वर्षीच्या कागदावर 79 होतं, माझ्याच अक्षरात.

आमच्या दक्षिण आशियाई बांध्यासाठी बायकांना 80 आणि पुरुषांना 90 सेंटिमीटर ही धोक्याची रेघ मानतात. दुसरा सोपा हिशोब म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. त्यामागचं कारण असं, की आतड्यांभोवती साठलेली चरबी कातडीखालच्या चरबीपेक्षा जास्त उपद्रवी. तिच्यातून सुटणारी मेदाम्लं थेट यकृताकडे जातात आणि मधुमेह, हृदयविकाराची वाट मोकळी होते. पण हा सगळा हिशोब चरबीचा आहे. घेर कशाने वाढला ते टेपला कळत नाही. आणि वजन तीन किलोंनी उतरत असताना नऊ सेंटिमीटर चरबी येणार कुठून? दंड बारीक झाले होते, गळ्याची हाडं वर आली होती. पोटाची वळी चिमटीत येईना, कातडी ताणलेली.

मी दोन्ही कागद घेऊन आत डॉक्टरांकडे गेले. बाहेर रांग होती, तेही घाईत. "टेपमध्ये एवढं इकडेतिकडे होतंच, सिस्टर."

खरी सल हीच आहे. एरवी त्यांचं उत्तर बरोबरच ठरलं असतं. शर्टावरून, बेंबीवरून, अंदाजाने घेतलेल्या मापांत नऊ सेंटिमीटर कुठेही जिरतात. म्हणूनच मग कंबरेच्या आकड्याकडे कुणी बघत नाही, आणि कुणी बघत नाही म्हणून तो कसाही घेतला जातो. मी म्हटलं, "सर, दोन्ही मापं माझीच आहेत. हाडावरून हाडावर."

त्यांनी बाईंना झोपवलं. पोटावर बोटांनी ठोकून पाहिलं, कुशीवर वळवलं, पुन्हा ठोकलं. कूस बदलली तसा आवाजही बदलला. म्हणजे आत पाणी. त्यांनी स्वतः फोन करून त्याच दिवशीची सोनोग्राफी ठरवली. घाईतला माणूस, पण एकदा पटल्यावर त्यांनी एक मिनिट दवडलं नाही, हेही सांगायला हवं.

कपडे सारखे करताना बाईंनी मला विचारलं, "मग मी बारीक होतच नव्हते का?" मी त्यांची पर्स हातात दिली. काय बोलायचं सुचलं नाही.

ओव्हरीवर गाठ निघाली. ऑपरेशन झालं, पुढचे उपचार चालू आहेत. चार घासांत पोट भरणं, कपडे खांद्यात सैल आणि कंबरेत घट्ट होणं, हे सगळं महिनोन्‌महिने चाललं होतं, आणि आजूबाजूचे सगळे त्यांचं अभिनंदन करत होते.

नंतर मी शिबिराच्या आयोजकांना विचारलं, वजन उतरलं आणि घेर वाढला तर लाल खूण येईल असं काही करता येईल का? तशी सोय फॉरमॅटमध्ये नाही, असं उत्तर आलं. सध्याची सोय अशी: घेर 80 च्या वर गेला की रोज अर्धा तास चाला आणि गोड कमी करा, हा मजकूर आपोआप छापला जातो. बाईंच्या अहवालातही तो छापून आला. वजनासमोर 'प्रगती समाधानकारक'. ऑपरेशनच्या आठवड्यात तो त्यांच्या घरी पोचला.